दिनविशेष : २ जानेवारी

१९७१ : दांडेकर-रथ यांचा दारिद्र्यावरील अभ्यास

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासाचा पहिला भाग मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला, दुसरा ९ जानेवारीला. रोज २,२५० उष्मांक देणारा आहार परवडेल, एवढा किमान खर्च त्यांनी आधार धरला. १९६०-६१च्या भावाने तो दरमहा माणशी खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये होता. खेड्यांतील सुमारे ४० आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही जमत नव्हते.

हे आकडे घराघरांतल्या खर्चाच्या सरकारी नमुना पाहणीतून आले होते, म्हणून ते झटकून टाकता आले नाहीत. गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगार द्या, हा त्यांचा आग्रहही तितकाच मोलाचा. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढच्याच वर्षी, १९७२च्या दुष्काळात सुरू झाली.

दारिद्र्यरेषा कुठे आखावी, हा वाद आजही मिटलेला नाही. तो मोजमापाशिवाय मिटणारही नाही. २०११-१२नंतर खर्चाच्या पाहणीचे पुढचे आकडे जाहीर व्हायला थेट २०२२-२३ची पाहणी यावी लागली. गरिबांची मोजणी इतकी वर्षे खोळंबणे परवडणारे नाही. ती ठरल्या वेळी झालीच पाहिजे.