थोड्या रेषांचे खेळ

१९८५ सालीं जपानांत 'सुपर मारिओ ब्रदर्स' निघाला, तेव्हां त्याचा सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटांत बसविला होता. जागा वांचावी म्हणून ढगाचाच आकार हिरवा रंगवून त्याचें झुडूप केलें! १९९० नंतर असे खेळ कॅसेटींतून महाराष्ट्रांतील अनेक घरीं आले. बोईसर-तारापूरच्या वसाहतीही त्यास अपवाद नसाव्यात.

आज जागेची ददात नाहीं. तरी 'शॉव्हेल नाइट' (२०१४) व 'सेलेस्ट' (२०१८) यांनीं तेंच ठिपक्याठिपक्यांचें चित्र हौसेनें पत्करलें. हें निव्वळ बालपणाचें वेड म्हणावें, तर ती कॅसेट कधींच न पाहिलेलीं मुलेंही त्यांत रमतात. रेषा थोड्या, म्हणून कडा कोठें संपते, उडी कोठें पडेल, हें लख्ख दिसतें. चूक झाली तर ती खेळणाऱ्याची. 'सेलेस्ट'मध्यें तर कडा सुटल्यावरही क्षणभर उडी घेतां येते. जुन्या मारिओला एवढी दया ठाऊक नव्हती.

पालघर जिल्ह्यांतील वारल्यांस ही काटकसर नवी नाहीं. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि तांदळाचें पीठ, एवढ्या भांडवलावर उभी असलेली भिंतीवरील कला जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं कागदावर आणून जगभर नेली. तारप्याभोंवतीं फेर धरलेल्या त्या माणसांना नाकडोळे नाहींत. तरी त्यांस कोणी अपुरीं म्हणत नाहीं.