तान्ह्या बाळाचें पाणी

तान्ह्या बाळास जुलाब होऊं लागले कीं पूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांची पहिली आज्ञा असे, 'पाणी बंद करा.' घातलेलें खालून जातें, तेव्हां घालूंच नये, असा तो न्याय! टाळू खोल गेली, रडतांना अश्रू येईनासे झाले, तरी दृष्ट लागली म्हणत किंवा दांत येताहेत म्हणत. दोष केवळ आज्यांचा नव्हे. डॉक्टरसुद्धां आंतड्यास विसावा म्हणून अर्भकास उपास घडवीत. वस्तुतः बाळ दगावे तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार आटल्यामुळें.

वर्धा जिल्ह्यांत या व्याधीचा इतिहास शोधूं गेल्यास तो दवाखान्याआधीं सिंदी गांवच्या वाटांवर सांपडतो. १९३५ सालीं गांधीजी वर्ध्यास मगनवाडींत राहात असतां, जवळच्या सिंदींत मीराबेन व महादेवभाई देसाई रस्त्यावरील मैला स्वतः उचलीत. गांवकऱ्यांच्या संवयी त्यानें फारशा पालटल्या नाहींत. याला अपयश म्हणावें तर म्हणावें; निदान मात्र अचूक होतें. उघड्यावरील मैला, त्यावरची माशी, विहिरीचें पाणी आणि मग बाळाच्या तोंडांतील चमचा, हीच जुलाबांची वाट.

१९३६ सालीं गांधीजी सेगांवीं राहावयास गेले. पुढें त्याचेंच सेवाग्राम झालें. १९४४ सालीं कस्तुरबा निवर्तल्या. त्यांच्या नांवचें रुग्णालय तेथें डॉ. सुशीला नय्यर यांनीं उभें केलें. आरंभीं तें स्त्रिया व मुलें यांच्याकरितांच होतें. परंतु आटलेलें पाणी परत देण्याचा खात्रीचा उपाय त्या काळीं शिरेंतूनच होता. खेड्यांतील आईच्या हातीं कांहीं नव्हतें.

साखर आंतड्यांतून आंत शिरतांना मिठास बरोबर नेते व त्यांच्यामागून पाणी जातें, हें १९६० च्या सुमारास उलगडलें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासितांत पटकीची सांथ आली. शिरेंतून द्यावयाच्या बाटल्या पुरेनात, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजविलें, आणि शेंकडा तीसच्या घरांतील मृत्यु चारांच्या आंत आले. तेंच पाणी आज पुडीच्या रूपानें खेडोपाडीं मिळतें.

तान्ह्यास अंगावरचें दूध चालूच ठेवून हें पाणी चमच्याचमच्यानें द्यावें. टाळू खोल गेली, बाळ मलूल झालें वा शौचांत रक्त दिसलें, तर मात्र तात्काळ रुग्णालय गांठावें. आणि वाटेंतही पाजणें थांबवूं नये.