गाडी खोलणाऱ्याची बाजू

घरच्या अंगणात गाडी खोलून तिच्यात फेरफार करणारा हौशी म्हणजे रस्त्यावरचा धोका, हे मत आज बहुतेकांना पटलेले आहे. त्याची मांडणी साधारण अशी असते : कंपनीने तज्ज्ञांकरवी गाडी घडवली, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तिचा नमुना तपासला, मग सरकारने ती रस्त्यावर येऊ दिली. एवढ्या चाळणीतून आलेल्या यंत्राला पाना लावण्याचा अधिकार हौशी माणसाला कोणी दिला? शिवाय कायदा त्याच्या विरोधात आहे आणि आजच्या संगणकी गाड्या त्याच्या आवाक्यात नाहीत. म्हणून गाडी जशी आली तशी ठेवावी आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज कोणाला तिला हात लावू देऊ नये.

या मतात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणत नाही. पण ते गुळगुळीत रस्ते आणि हाकेच्या अंतरावरची सर्व्हिस सेंटरे गृहीत धरते. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत उभे राहून पाहिले तर त्याचा पायाच डळमळतो.

अहेरी प्राणहितेच्या काठी आहे. इथून आलापल्लीला गेले की सागाच्या जंगलातून सिरोंचा, एटापल्ली आणि भामरागडकडे वाटा फुटतात. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली शंभर किलोमीटरहून लांब, आणि एमएच-३३चे परिवहन कार्यालयही तिथेच. सूरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड ट्रकांनी रस्त्यांची काय दशा केली, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. अशा मुलखात जुनी जीप, बोलेरो किंवा सेकंडहँड थार घेऊन ती स्वतः सांभाळणारा तरुण शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठतो हे मोजत नाही. चिखलातून चाक निघते का, उतारावर ब्रेक धरतो का, नाल्यापलीकडे गेल्यावर इंजिन चालू राहते का, यावर तो गाडीचा दम जोखतो.

आता पहिला आक्षेप : तपासलेल्या नमुन्याला हात लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली नमुना तपासला जातो हे खरे. पण तो नमुना कोरा असतो. आठ वर्षे खड्डे खाल्लेल्या, बुश झिजलेल्या, पाट्यांचा बाक गेलेल्या आणि ब्रेकचे लायनर संपत आलेल्या गाडीत तो नमुना उरतो कुठे? मूळ स्थिती एकदा मिळाली की कायमची राहत नाही; ती राखावी लागते. आणि आपल्याकडे राखण्याची सक्ती किती? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्या काळात तिला प्रदूषणाचे प्रमाणपत्र लागते, पण ब्रेक आणि स्टीअरिंग ठरावीक मुदतीने तपासून घ्या असे कायदा सांगत नाही. म्हणजे कधीच बॉनेट न उघडणारा मालक निर्दोष आणि दर पावसाळ्यापूर्वी चारही ड्रम खोलून लायनर पाहणारा मात्र संशयित! हा न्याय उलटा आहे.

कंपनीलाही हे ठाऊक आहे. वाहनासोबत येणाऱ्या पुस्तिकेत धुळीच्या, चिखलाच्या आणि जड वापरासाठी देखभालीचा वेगळा, कडक क्रम दिलेला असतो. एअर फिल्टर धुळीत लवकर चोंदतो आणि फाटका किंवा सैल बसलेला फिल्टर बारीक धूळ आत सोडतो. ती धूळ बोअर आणि रिंगा घासते, इंजिन तेल खाऊ लागते आणि अकाली हाफ इंजिनचे काम निघते. हे टाळण्यासाठी इथला मालक फिल्टर स्वतः काढून पाहतो. तो पुस्तिकेच्या विरुद्ध वागत नाही, तर शहरातले बहुतेक मालक जे पान उलटत नाहीत त्यावरची सूचना पाळतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याची भीती वाढते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्याने क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. २१५/७५ आर १५ टायरच्या जागी २३५/७५ आर १५ चढवला तर व्यास ७०३.५ मिलिमीटरवरून ७३३.५ होतो. म्हणजे मीटर ६० दाखवत असताना गाडी खरे तर ६२.५च्या पुढे धावत असते आणि ब्रेकवरचा ताणही वाढतो. नाल्यासाठी स्नॉर्केल बसवण्यामागे भक्कम कारण आहे : डिझेल इंजिन हवेला सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबते, पाणी मात्र दबत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये पाणी शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. पण स्नॉर्केलने फक्त हवेची वाट उंच होते. डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून पाणी आत जाऊ शकते आणि वाहत्या पुरात गाडी तरंगली तर कोणताच फेरफार तिला वाचवत नाही.

हे सारे धोके मी मान्य करतो. पण त्यांवरून बंदीचा निष्कर्ष निघत नाही. हे धोके मोजता येतात, हेच त्यांतून सिद्ध होते, आणि जे मोजता येते ते तपासता येते. बंदीने फक्त एवढेच होते की काम लपून चालते, आणि लपून केलेल्या कामाला चूक दाखवणारा भेटत नाही. अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या घरी फेरफार करून कोरड्या तळ्यांवर पळवणाऱ्या तरुणांच्या क्लबांनी १९३७मध्ये एकत्र येऊन संघटना स्थापली आणि शर्यतींना शिस्त व सुरक्षेचे नियम लावले. हौशी माणसाला विश्वासात घेतले तर तो स्वतःच नियम घडवतो, याचा हा जुना दाखला आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे. पण तो वाचला तर दिसते की सारे दरवाजे त्यानेही बंद केलेले नाहीत. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते, परवानगीने त्याच प्रकारचे इंजिन बदलता येते, अपंग व्यक्तीसाठी गाडीत जुळवणी करता येते. झिजलेला भाग बदलणे, ग्रीसिंग, ट्यूनिंग आणि ब्रेकचे काम यांना तर हे कलम अडवतच नाही. बदल म्हणजे गुन्हा, असे तत्त्व कायद्याने कधी स्वीकारलेले नाही. त्याला हवा आहे तपासलेला आणि नोंदलेला बदल.

उरला संगणकी गाड्यांचा मुद्दा. बीएस-६च्या गाडीतला सेन्सर गावातल्या मिस्त्रीला कळत नाही, असे म्हणतात. तो का कळत नाही, हेही विचारले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो नेमक्या याच कारणासाठी : अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि तांत्रिक माहिती त्यांनी स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली नव्हती. आधी कुलूप लावायचे आणि नंतर बाहेरच्याला घर ठाऊक नाही म्हणून हिणवायचे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. दिशा तीच आहे, वेग मात्र अहेरीपर्यंत पोहोचलेला नाही.

हौशीपणाच्या नावावर चालणाऱ्या उपद्रवाला माझा पाठिंबा नाही. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, समोरच्याला आंधळे करणारे दिवे, चेसी कापून वाढवलेली आसने यांनी गाडीचे कोणतेच काम सुधारत नाही आणि दुसऱ्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण त्यांच्यासोबत, भर पावसात रस्त्यात बंद पडलेल्या जीपचे नोझल खोलून ती चालू करणाऱ्या माणसालाही एकाच यादीत टाकणे हा अन्याय आहे. पहिल्याची गाडी प्रदर्शनासाठी बदललेली असते, दुसऱ्याची कामासाठी.

म्हणून मागणी सरळ आहे. जर्मनीत फेरफार केलेली गाडी तपासणी संस्थेपुढे न्यायची, उत्तीर्ण झाल्यास बदलाची नोंद कागदपत्रांत होते. ब्रिटनमध्येही वैयक्तिक वाहन-मान्यतेची पद्धत आहे. आपल्याकडे आरटीओचे कॅम्प तालुक्याच्या ठिकाणी लागतात. त्याच कॅम्पात ब्रेक, स्टीअरिंग, दिवे, टायर आणि सस्पेन्शन तपासून ठरावीक मर्यादेतल्या बदलांची नोंद करून देण्याची सोय कायद्यात आणावी. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक शाखेत, शिकाऊंबरोबर स्वतःची गाडी सांभाळणाऱ्यांसाठीही सायंकाळचे वर्ग घ्यावेत. दोष शोधणारी उपकरणे आणि पुस्तिका रास्त दरात स्वतंत्र मिस्त्रीला मिळाव्यात. याचा खर्च मोठा नाही. आज गाडी कोणी उघडली यावरून माणूस दोषी ठरतो. उद्या गाडी कशी चालते यावरून ठरला पाहिजे. त्या कसोटीला अहेरीचा हौशी उतरेल, कारण रस्ता त्याची परीक्षा रोजच घेतो.