स्वारांची तुलना आणि शर्यतींचे वर्ग

तालमींत जोड लावतांना वस्ताद प्रथम दोन्ही गड्यांचें वजन पाहतो आणि मगच त्यांना हौद्यांत उतरवितो. हलक्या गड्यानें आपल्या जोडीच्या गड्याला चीत केलें, तर त्याची शाबासकी जड गड्याच्या शाबासकीहून कमी मानण्याचें कांहीं कारण नसतें. परंतु पुढें लोक वाद घालण्यास बसले, म्हणजे हा न्याय विसरला जातो आणि 'सर्वांत मोठा कोण?' एवढाच प्रश्न मागें उरतो. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींच्या इतिहासांत हा वाद पाऊणशे वर्षें चालत आला आहे.

या शर्यतींच्या जगज्जेतेपदाची स्पर्धा १९४९ सालीं सुरू झाली. इंजिनाच्या आकारमानावरून १२५, २५०, ३५० व ५०० सी. सी. असे चार वर्ग पाडण्यांत आले. साइडकारचा वर्ग निराळा ठेवला गेला. पहिल्याच वर्षीं ५०० च्या वर्गांत असें घडलें कीं, इटलीच्या नेल्लो पगानीचे एकूण गुण ४० झाले व ब्रिटनच्या लेस्ली ग्रॅहमचे ३१. तरीही विजेता ठरला ग्रॅहम. कारण सहा शर्यतींपैकीं उत्तम अशा तीनच धरावयाच्या, असा नियम होता आणि त्या हिशेबानें ग्रॅहमचे ३० व पगानीचे २९ गुण भरले. पगानीला त्याच वर्षीं १२५ च्या वर्गाचें पद मिळालें हें खरें. पण मोठ्या वर्गाचा पहिला जगज्जेता म्हणून इतिहासांत नांव राहिलें तें ग्रॅहमचें. म्हणजे 'कोण श्रेष्ठ' याचें उत्तर प्रथमपासूनच थोडेंसें रस्त्यावर व थोडेंसें नियमांच्या पुस्तकांत ठरत आलें आहे.

याहून मोठें उदाहरण १९६७ सालचें आहे. त्या काळीं एकच स्वार एका दिवशीं दोन किंवा तीन वर्गांत उतरत असे. होंडा कंपनीचा माइक हेलवुड २५०, ३५० व ५०० अशा तिन्ही वर्गांत धांवत होता. ३५० चें पद त्यानें निर्विवाद जिंकलें. २५० मध्यें त्याचे व यामाहाच्या फिल रीडचे ग्राह्य गुण सारखेच, म्हणजे ५० भरले. परंतु हेलवुडचे विजय पांच व रीडचे चार, म्हणून पद हेलवुडला मिळालें. ५०० मध्यें पुन्हां बरोबरी झाली. हेलवुड व एम. व्ही. ऑगुस्ताचा जाकोमो ऑगोस्टिनी यांचे गुण ४६, आणि विजयही प्रत्येकीं पांच. शेवटीं दुसरे क्रमांक मोजण्यांत आले व ते ऑगोस्टिनीचे अधिक निघाले. मोंझा येथें अखेरचे थोडेच फेरे उरले असतां पुढें असलेल्या हेलवुडच्या गाडीचे गिअर बिघडले नसते, तर हिशेब निराळा झाला असता. एकाच वर्षीं ज्या बरोबरीनें एक पद हातीं दिलें, तिनेंच दुसरें हातचें काढून घेतलें.

ऑगोस्टिनीच्या नांवावर पंधरा जगज्जेतेपदें व १२२ विजय आहेत. त्यांपैकीं ६८ विजय ५०० मधील व ५४ विजय ३५० मधील आहेत. टीकाकार म्हणतात कीं, १९६७ नंतर होंडानें माघार घेतली व त्याच्यासमोर तोलाची गाडीच उरली नाहीं. १९६८ सालीं त्यानें ५०० च्या दहाही व ३५० च्या सातही शर्यती जिंकल्या, हें पाहतां या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर निकाल देणें अन्यायाचें होईल. त्यानें पुढें एम. व्ही. ऑगुस्ता सोडून यामाहाची टू-स्ट्रोक गाडी घेतली. ती चालविण्याची रीत अगदीं वेगळी. तिच्यावर त्यानें १९७५ सालीं ५०० चें पद मिळविलें. त्या वर्गांत टू-स्ट्रोक गाडीला मिळालेलें तें पहिलेंच पद होय. यंत्र बदलूनही जो जिंकतो, त्याच्या यशाचें सारें श्रेय यंत्राला देतां येत नाहीं.

स्पेनच्या आंखेल निएतोची गोष्ट उलट आहे. त्यानें ५० सी. सी. मध्यें सहा व १२५ मध्यें सात पदें जिंकलीं. तेरा हा आंकडा अशुभ म्हणून तो 'बारा अधिक एक' असें म्हणे. त्याचे एकूण विजय नव्वद. मोठ्या वर्गाचे अभिमानी त्याला दुय्यम लेखतात. पण लहान इंजिनाच्या गाडींत शक्ति इतकी थोडी असते कीं, वळणावर ब्रेक किंचित् अधिक दाबला गेला तर गेलेला वेग लवकर परत मिळत नाहीं. मोठ्या गाडीवर चूक झाली असतां ती सरळ रस्त्यावर थोडीफार भरून काढतां येते; लहान गाडीवर ती तशीच अंगावर राहते. मोठी गाडी स्वाराच्या बळाची परीक्षा पाहते, लहान गाडी त्याच्या काटकसरीची. या दोन परीक्षांचे गुण एका पत्रकांत मांडणें कठीण आहे.

शिवाय पत्रकांत न मावणारी एक गोष्ट आहे. फिनलंडचा यार्नो सारिनेन १९७२ सालीं २५० चा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षीं त्यानें त्या वर्गाच्या पहिल्या तीन व ५०० च्या पहिल्या दोन शर्यती जिंकल्या. २० मे १९७३ रोजीं मोंझा येथें २५० च्या शर्यतींत तो व इटलीचा रेंझो पासोलिनी दोघेही मृत्युमुखीं पडले. सारिनेनच्या नांवापुढें १५ विजय आहेत. त्या आंकड्यावरून त्याची योग्यता कोण ठरविणार? पहिला जगज्जेता ग्रॅहम हाही १९५३ सालीं आइल ऑफ मॅनच्या शर्यतींतच गेला. त्या बेटावरील सुमारें ६० किलोमीटरांचा मार्ग दगडी कुंपणें व घरें यांच्यामधून जाणारा होता. १९७२ सालीं जिल्बेर्टो पार्लोटीचा तेथें अंत झाल्यावर ऑगोस्टिनीनें त्या शर्यतीवर बहिष्कार घातला आणि १९७६ नंतर ती जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंतून वगळण्यांत आली. जुन्या काळच्या स्वारांनीं मिळविलेल्या प्रत्येक गुणामागें हा धोका उभा होता.

पुढें वर्गांचा अर्थच पालटला. ५० चा वर्ग १९८४ सालीं ८० चा झाला व १९८९ नंतर तोही बंद पडला; ३५० चा वर्ग १९८२ नंतर उरला नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेच्या फ्रेडी स्पेन्सरनें २५० व ५०० हीं दोन्ही पदें एका वर्षांत जिंकलीं. त्यानंतर त्याला जागतिक शर्यतींत एकही विजय मिळाला नाहीं. २००२ सालीं ५०० च्या जागीं मोटोजीपी, २०१० सालीं २५० च्या जागीं मोटो-टू व २०१२ सालीं १२५ च्या जागीं मोटो-थ्री आला. पूर्वीं वर्ग हीं वेगवेगळीं घरें होतीं. आतां त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या झाल्या. निएतोप्रमाणें लहान वर्गांत आयुष्य काढण्यास आतां वाव नाहीं. इटलीच्या व्हॅलेंतिनो रोस्सीनें १२५, २५०, ५०० व मोटोजीपी या चारही वर्गांत पदें मिळविलीं. त्याच्या ११५ विजयांपैकीं ८९ सर्वोच्च वर्गांतील असून तेथें ऑगोस्टिनी त्याच्या मागें आहे. मात्र एकूण विजयांत ऑगोस्टिनीच पुढें आहे. कोणता स्तंभ वाचावा, यावर उत्तर अवलंबून राहतें.

म्हणून स्वारांची तुलना करावयाची, तर प्रथम त्यांच्या वर्गाची, काळाची व प्रतिस्पर्ध्यांची ओळख करून घ्यावी. त्याच गाडीवर इतरांनीं काय केलें व गाडी बदलल्यावर त्यानें स्वतः काय केलें, हे दोन प्रश्न पदांच्या संख्येहून अधिक सांगून जातात. पदें मोजणें सोपें असतें आणि मनालाही आवडतें. पण त्या मोजणींत पगानीचे चाळीस गुण लुप्त होतात व सारिनेनचें अपुरें राहिलेलें वर्ष दिसतच नाहीं. वस्ताद जोड लावण्यापूर्वीं वजन पाहतो, तें हलक्या गड्याला कमी लेखण्यासाठीं नव्हे, तर त्याच्यावर अन्याय होऊं नये म्हणून. इतिहास वाचणारानेंही तेवढी दक्षता बाळगावी.