लेन्स बदलली की रेंजफाइंडरचा फोकस का चुकतो?

लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही. लेन्सच्या मागची धातूची कड बॉडीतलं छोटं चाक ढकलते आणि व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळतात. त्यामुळे प्रतिमा जुळूनही फोटो धूसर येऊ शकतो.

लगेच कॅमेऱ्याचा स्क्रू फिरवू नका, एका लेन्सपायी बाकीच्या बिघडतील. ट्रायपॉड लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि १ मीटरवर तिरकी पट्टी ठेवून प्रत्येक लेन्स तपासा. सगळ्याच चुकल्या तर दोष बहुधा बॉडीत. एकच चुकली तर लेन्स किंवा अडॅप्टर बघा; लायकाच्या जुन्या स्क्रू लेन्ससाठी एम माउंटचा अडॅप्टर बरोबर १ मिमी जाड हवा.

स्वस्तातली सोव्हिएत ज्युपिटर-८ तर यासाठी बदनामच. तिचं गणित कॉन्टॅक्सचं, म्हणून लायकावर दूरचं नीट येतं, जवळचा चेहरा हुकतो.