जकातीची कुळकथा

नगराच्या वेशीवर माल अडवून त्यावर कर घ्यावा, ही प्रथा कौटिल्याइतकी तरी जुनी आहे. महाद्वारापाशी शुल्कशाला बांधावी, तिच्यावर ध्वज उभारावा आणि येणारा व्यापारी कोण, कोठचा, त्याचा माल किती, याची नोंद ठेवावी, असा तपशील अर्थशास्त्रात आढळतो. सुलतानी अमदानीत या शुल्काला जकात हे अरबी नाव मिळाले. मुळात धर्मार्थ दानाचा वाचक असलेला हा शब्द सरकारी सक्तीला जाऊन चिकटावा, यातला विनोद जकातदारांना बहुधा जाणवला नसावा. शिवछत्रपतींनी 1671 मध्ये कुडाळच्या सुभ्यास पत्र लिहून बारदेशाच्या स्वस्त मिठावर जबर जकात बसविण्यास फर्माविले, ते कोकणातल्या मिठाचा व्यापार बुडू नये म्हणून. म्हणजे खजिना भरण्यापलीकडचा विचार त्या जकातीमागे होता.

इंग्रजी राज्यात 1850 च्या कायद्याने गावोगावी नगरपालिका काढण्याची मुभा मिळाली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या पुढाऱ्यांनी घरपट्टीपेक्षा जकातीलाच पसंती दिली. घरपट्टीचे बिल प्रत्येकाच्या दारात येते आणि बोलाचालीला निमित्त होते. जकात मात्र गुळाच्या ढेपेत आणि कापडाच्या ताग्यात मुरून जाई, भरणाऱ्याला कळतही नसे. परिणामी अनेक नगरपालिकांचा संसार या एकाच खांबावर उभा राहिला.

या खांबाचे पुढे काय झाले, ते अंबरनाथच्या उदाहरणावरून पाहता येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले आणि अंबरनाथात त्याची वसाहत वसली. शहर मात्र 1983 मध्ये कल्याण महानगरपालिकेत गेले व 1992 मध्ये पुन्हा नगरपरिषद होऊन बाहेर पडले. त्या काळी गावाच्या हद्दीवर मालमोटार थांबवून चलन तपासायचे, वजनकाट्यावर घालायचे, पावती फाडायची, आणि माल नुसता पुढे जायचा असेल तर भरलेली रक्कम परत मिळविण्यासाठी चालकाने दुसऱ्या नाक्यावर तिष्ठत बसायचे, असा महाराष्ट्रभरचा रिवाज होता. कारखानदार या खोळंब्यावर चिडत, आणि माझ्या मते त्यांचे चिडणे रास्तच होते. परंतु पावतीवरचा पैसा त्याच दिवशी गावाच्या तिजोरीत पडत असे, हेही विसरता येत नाही.

शासनाने 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द करून भरपाईदाखल सहायक अनुदान सुरू केले. लगतचे उल्हासनगर 1996 पासून महानगरपालिका असल्यामुळे त्या निर्णयाच्या बाहेर राहिले. एकमेकांना खेटून असलेल्या दोन शहरांना दोन कायदे लागले. वसाहतीतल्या कारखान्यांकडून नगरपरिषदेला मालमत्ता कर उरला, पण पाणी आणि रस्ते महामंडळाचे असताना हा दुहेरी भार कशासाठी, ही उद्योजकांची तक्रार त्याच्यामागे लागलीच.

पुढे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली जकातीची नोंदच 2016 च्या 101 व्या दुरुस्तीने गळाली. महानगरपालिकांसाठी 2017 मध्ये भरपाईचा स्वतंत्र कायदा होऊन दरसाल आठ टक्के चक्रवाढीची हमी मिळाली, आणि उल्हासनगरही मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्याकडे डोळे लावून बसले. त्या रांगेत अंबरनाथ अठरा वर्षे आधीपासून उभे होते.