कठीण शब्दांचा पहिला इंग्रजी कोश व त्याचा धर्मगुरू कर्ता

इंग्रजीतील जुने धर्मवाङ्मय मुळातून वाचण्याची हौस आमच्या धर्मगुरूंत व कॅटेकिस्टांत अद्याप टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट होय. किंग जेम्सच्या आज्ञेने झालेले १६११ चे बायबल, मिल्टनचे १६६७ चे महाकाव्य, बन्यनची १६७८ ची यात्रेकरूची कथा, यांपैकी कोणताही ग्रंथ उघडला की वाचक प्रथम अडतो तो शब्दांपाशी. मग वहीत याद्या होतात, अर्थ पाठ केले जातात. या उद्योगाचा माग घेत गेले असता आपण एका पदच्युत धर्मगुरूच्या दाराशी येऊन पोहोचतो.

रॉबर्ट कॉड्री हे त्याचे नाव. रटलंड परगण्यातील साऊथ लफेनम या खेड्याचा तो पाळक होता. प्युरिटन मतांमुळे अधिकृत प्रार्थनापुस्तकाप्रमाणे उपासना चालविण्यास तो राजी नव्हता. त्याचे पद गेले. त्याने न्यायालयात दाद मागितली. १५९१ साली निकाल त्याच्या विरुद्ध लागला आणि राणीच्या धर्मविषयक अधिकारावरील तो खटला इंग्लंडच्या कायद्यात त्याच्याच नावाने प्रसिद्ध राहिला. त्याची मते आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु उपजीविका गमावलेल्या या मनुष्याने पुढे जे हाती घेतले, त्याचे मोल मतभेदाने कमी होत नाही. धर्मशिक्षणाची आवश्यकता सांगणारी त्याची पुस्तिका १५८० सालीच निघाली होती. १६०० साली त्याने दृष्टांतांचा मोठा संग्रह छापला, आणि १६०४ साली आपल्या शिक्षक मुलाच्या साहाय्याने सुमारे २,५०० कठीण शब्दांचा वर्णानुक्रमी संग्रह प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतच सांगणारा पहिला कोश म्हणून विद्वान याचीच गणना करतात. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज ज्ञात असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

हा कोश कोणासाठी? लॅटिन शाळेत ज्यांना प्रवेश नव्हता अशा स्त्रियांसाठी व सामान्य जनांसाठी. शास्त्रवाचनात, प्रवचनात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच यांतून आलेले जे शब्द कानी पडत, ते त्यांना उमगावेत हा हेतू ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातच नमूद आहे. बहुतेक ठिकाणी अर्थ एकदोन शब्दांत आटोपला आहे. ग्रीक व फ्रेंच शब्दांना खुणा केल्या आहेत. वर्णानुक्रमाने शब्द कसा शोधावा हेही प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले, इतकी ती पद्धत वाचकांना नवी होती! त्याच प्रस्तावनेत परदेशी शब्दांची मिरवणूक काढणाऱ्या वक्त्यांना कानपिचक्याही आहेत. हा भाग त्याने बव्हंशी थॉमस विल्सनच्या १५५३ च्या वक्तृत्वशास्त्रावरून उचललेला आहे; त्या काळी अशा उसनवारीत कोणास गैर वाटत नसे.

आता आमच्या अडचणीकडे वळू. कॉड्रीच्या काळी जे शब्द कठीण होते, त्यांचे अर्थ आज कोणत्याही कोशात मिळतात. खरा फसवा शब्द तो, जो ओळखीचा वाटतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (४:१५) १६११ चे भाषांतर 'प्रिव्हेंट' हा शब्द योजते. आजच्या अर्थाने वाचणारा समजतो की जिवंत असलेले लोक निद्रिस्तांना अडवणार नाहीत. वस्तुतः तेथे मूळ लॅटिन अर्थ आहे : आधी जाणे, पुढे होणे. प्रभूच्या आगमनाविषयीचे प्रवचन या एका शब्दावरून भलतीकडे जाऊ शकते. फिलिप्पैकरांस पत्रात (१:२७) 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे संभाषण नव्हे, एकंदर राहणी. संत बेनेडिक्टच्या नियमातील 'कोन्व्हेर्सातिओ' ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हे चटकन पटेल. 'लेट' ची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. रोमकरांस पत्रात (१:१३) त्याचा अर्थ मोकळीक देणे असा नसून अडथळा करणे असा आहे. जुन्या इंग्रजीतील दोन निरनिराळी क्रियापदे झिजून एकाच रूपाची झाली, आणि पुढे त्यांतील एक जवळजवळ लोपले. असला घरचा, रोजचा शब्द कॉड्रीच्या योजनेत बसणाराच नव्हता. त्याच्या वाचकांना तो कळत होता.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. संस्कृतात 'राग' म्हणजे आसक्ती, मराठीत क्रोध. गीता वाचताना आपण ही दक्षता घेतो. तीच इंग्रजीच्या बाबतीत घेतली जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते. पाठ केलेल्या याद्या येथे कामाच्या नाहीत, कारण यादीत शब्दासमोर एकच अर्थ असतो व त्याला साल नसते. सालवार उदाहरणांनी शब्दाचा प्रवास दाखविणारा मोठा ऑक्सफर्ड कोश १८८४ पासून भागशः निघून १९२८ साली पुरा झाला. सेमिनरीच्या ग्रंथालयात तो असल्यास विद्यार्थ्याने परिचित शब्दासाठीच तो अधिक उघडावा. तो नसेल तर तोच उतारा १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारात पाहावा. कोठे शब्द बदलला आहे हे दिसताच संशयाची जागा सापडते. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील 'चॅरिटी' जाऊन तेथे 'लव्ह' आलेला याच आवृत्तीत दिसेल. टिंडलने तो शब्द १५२६ सालीच घातला होता, व त्याबद्दल सर थॉमस मोर यांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली होती.

कॉड्रीचाच समकालीन एक इंग्रज त्या वेळी आपल्या भूमीत शब्द वेचीत होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुन्या कवींचे अवघड शब्द बहुतांशी वगळून, गोव्याच्या लोकांच्या बोलीतील शब्द ठिकठिकाणी मिसळून आपण हे काव्य सोपे केले आहे, असे त्यांनी गद्य प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी, १६१७ साली, कॉड्रीच्या कोशाची चौथी आवृत्ती लंडनमध्ये निघाली.